किडनीच्या कॅन्सरसाठी प्रोटीन मार्करची टेस्ट करून घ्यावी का?

तुम्ही विचारलंय, वडिलांच्या लघवीतून एकदा रक्त गेलं, तर किडनीच्या कॅन्सरची मार्कर टेस्ट, म्हणजे कॅन्सरची खूण दाखवणारं प्रोटीन शोधायची टेस्ट, करून घेऊ का. आधी सोनोग्राफी करा. बाकीचं नंतर.

मी निपाणीत एका लॅबमध्ये बारा वर्षं रक्त काढते. माझे वडील, आप्पा, तंबाखूच्या वखारीत हमाल, विडी कायमची. दिवाळीनंतर त्यांना बिटाच्या पाण्यासारखी लघवी झाली. दुखलं काहीच नाही, दोन दिवसांत थांबलं. दाजी म्हणाले मुतखडा आहे, हुलग्याचं कढण द्या. न दुखता रक्त जातंय म्हणून मला धास्ती होती, मी सोनोग्राफीचा हट्ट धरला. 'तू सुया टोचणारी, डॉक्टर नव्हंस,' हे दाजींचं उत्तर.

तीन महिन्यांनी परत रक्त गेलं. आता दाजींनी 'कॅन्सर मार्कर'वालं पॅकेज घेतलं. रक्त मीच काढलं. त्यात पीएसए प्रोस्टेटसाठी, सीईए आतड्यासाठी, एएफपी लिव्हरसाठी, सीए १९-९ स्वादुपिंडासाठी. किडनीचं एकही नाही. सगळं नॉर्मल, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिनसुद्धा, कारण दुसरी किडनी काम ओढून नेते. दाजींनी पै-पाहुण्यांना फोन केले, आप्पा ठणठणीत आहेत म्हणून.

आठवड्यानं मी कुणाला न विचारता आप्पांना सोनोग्राफीला नेलं. डॉक्टरीणबाई बोलत बोलत तपासत होत्या. डाव्या बरगडीखाली हात थांबला, बोलणंही थांबलं. सीटीत गाठ साडेसात सेंटिमीटर. चारच्या आत असती तर बहुतेक वेळा गाठ तेवढी काढून किडनी वाचवतात. ऑपरेशन बेळगावात झालं. संमतीचा कागद कन्नडमध्ये, आप्पांना लिपी येत नाही. ताईनं मोठ्यानं वाचला, त्यातला 'मूत्रपिंड' एवढा शब्द त्यांना कळला. सही केली.

मार्कर कामाला आले ते त्यानंतर. काढलेल्या गाठीच्या पातळ कापावर रंग चढवून पॅक्स-८ आणि सीए-९ ही प्रोटीनं तपासली. सीए-९ चा तपकिरी रंग प्रत्येक पेशीभोवती कडं करून बसला होता, क्लिअर सेल प्रकारात बसतो तसा. किडनीच्या कॅन्सरमध्ये हाच प्रकार सगळ्यात जास्त.

रक्तातल्या किम-१ आणि लघवीतल्या अ‍ॅक्वापोरिन-१, पेरिलिपिन-२ या प्रोटीनांवर संशोधन चांगलं झालंय. किम-१ तर निदानाच्या काही वर्षं आधीपासून वाढलेलं आढळलंय. पण किडनीला दुसरी इजा झाली तरी ते वाढतं. रोजच्या निदानासाठी यातली एकही टेस्ट अजून रुळलेली नाही. पॅकेजवाल्यानं काहीही सांगू दे.

या गाठी बहुधा सावकाश वाढतात, त्यामुळं तीन महिन्यांच्या उशिरामुळंच किडनी गेली असं मी म्हणणार नाही. दाजींनाही तसं म्हणाले नाही. लघवीतल्या रक्ताचं कारण खडा, इन्फेक्शन, प्रोस्टेट, मूत्राशय, काहीही निघू शकतं. म्हणून सोनोग्राफी स्वच्छ आली तरी युरॉलॉजिस्टला दाखवा. आणि घरात कुणी दाजी असतील, तर त्यांना रिपोर्ट आल्यावरच सांगा.