वाचकांचे प्रश्न : आंदोंगच्या खेड्यात एक दिवस

प्रश्न : बोहाड्याची सोंगे नाचवणारा आमचा गट सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी दक्षिण कोरियातील आंदोंग येथे जाणार आहे. एक दिवस ग्रामीण भाग पाहण्यासाठी राखून ठेवला असून यजमानांनी हाहवे गाव, दोन जुनी विद्यालये आणि एक बौद्ध मठ अशी यादी पाठवली आहे. एवढे एका दिवसात पाहून होईल का? तिथे वागण्याचे काही नियम असतात का? (एक वाचक, मोखाडा)

उत्तर : पाहून होईल, पण बराचसा वेळ बसमध्येच जाईल. माझा आग्रह असा की यजमानांशी बोलून यादी निम्मी करावी आणि हाहवे व त्याच्या जवळचे ब्योंगसान सोवोन हे जुने विद्यालय, एवढ्या दोनच ठिकाणांना पूर्ण दिवस द्यावा. तुमच्या गटासाठी तर हाहवेइतके मोलाचे गाव साऱ्या कोरियात दुसरे नसेल, कारण तिथला मुखवट्यांचा खेळ मूळचा ग्रामदेवतेच्या उत्सवातला आहे आणि बोहाडा करणाऱ्यांना त्याची नाळ कुठे जुळते हे वेगळे सांगावे लागणार नाही.

सकाळी प्रथम नदीपलीकडच्या बुयोंगदे कड्यावर जावे. हा कडा 64 मीटर उंच आहे. तिथून नाकदोंग नदीने तीन बाजूंनी वेढलेले गाव, काठावरची पाइनची राई, मध्यभागी कौलारू वाडे आणि त्यांच्या भोवती भाताच्या पेंढ्याने शाकारलेली लहान घरे एका नजरेत दिसतात. र्यू घराण्याची माणसे इथे सुमारे सहाशे वर्षांपासून नांदत आहेत. 2010 मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला, तरी आजही बहुतेक घरांत संसार चालू आहेत. म्हणून बंद दारे ढकलू नयेत, अंगणातल्या माणसांचे न विचारता फोटो काढू नयेत आणि जिथे आत बोलावतील तिथे जोडे बाहेर काढावेत. एप्रिल 1999 मध्ये ब्रिटनची राणी एलिझाबेथ इथे आली, तेव्हा तिनेही चुंगह्योदांग या वाड्यात जोडे काढूनच प्रवेश केला होता. वडीलधाऱ्यांना काही देताना किंवा त्यांच्याकडून घेताना दोन्ही हात पुढे करावेत.

मुखवट्यांचा खेळ बहुधा दुपारी असतो. वार आणि वेळ ऋतूनुसार बदलतात, म्हणून यजमानांकडून आधी खात्री करून घ्यावी. पुढच्या रांगेत बसून हनुवटीकडे लक्ष द्या. उमरावाच्या लाकडी मुखवट्याचा खालचा जबडा वेगळा कोरून दोरीने बांधलेला असतो, त्यामुळे नटाने मान मागे टाकली की तोच चेहरा खदखदून हसतो आणि मान खाली घातली की रागीट होतो. इमे या खुळ्या नोकराच्या मुखवट्याला मात्र हनुवटीच नाही; तो पूर्ण होण्याआधीच कारागिराचा मृत्यू झाला, अशी दंतकथा सांगतात. खेळात उमराव आणि पंडित आपापल्या विद्वत्तेची फुशारकी मारत भांडतात आणि नोकर भर गर्दीत त्यांची फजिती करतो. विशेष म्हणजे ज्यांची अशी टर उडवली जाई, त्या गावच्या उमरावांचाच या खेळाला आश्रय होता. वर्षभर वाकून राहणाऱ्यांना मन मोकळे करण्याची ती जागा होती, असे मला वाटते. जुन्या पद्धतीचा शेवटचा विधी 1928 मध्ये झाला. त्यानंतर खंडित झालेली ही परंपरा 1970 च्या दशकात पुन्हा उभी करण्यात आली, आणि 2022 मध्ये कोरियातील मुखवटानाट्याचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. प्रयोगानंतर कलाकारांशी बोलण्यासाठी तासभर मागून घ्या आणि शक्य असल्यास आपला एखादा मुखवटा सोबत न्या.

उरलेला वेळ ब्योंगसान सोवोनसाठी ठेवावा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानने केलेल्या आक्रमणाच्या काळात पंतप्रधान असलेले याच गावचे र्यू सोंग-र्योंग यांच्या स्मरणार्थ हे विद्यालय जपलेले आहे. त्याच्या समोरच्या मानदेरू या खुल्या मंडपाचे खालचे खांब झाडाच्या खोडासारखे वाकडेतिकडेच ठेवलेले आहेत आणि वरच्या खांबांच्या चौकटींतून नदी व डोंगर दिसतो. ऑगस्टमध्ये अंगणात गुलाबी फुले असतात. खांबांना टेकू नये, त्यांना काही अडकवू नये. मार्च 2025 च्या वणव्यात शेजारच्या उइसोंगमधील प्राचीन गोउनसा मठाचा मोठा भाग जळाला आणि आग या परिसराच्या अगदी जवळ आली होती. ही लाकडी वास्तू वाचली, याचे मोल तिथे उभे राहिल्यावर कळते.

प्रश्न : गटातले काही जण पूर्ण शाकाहारी आहेत. त्यांची सोय कशी होईल? (त्याच वाचकाकडून)

उत्तर : सोय होईल, पण आधी कळवावे लागेल. आंदोंगची ओळख असलेले हेओत्जेसाबाप, म्हणजे भात व निरनिराळ्या भाज्या सोयासॉसमध्ये कालवून खायचे जेवण, शाकाहारींना जवळचे वाटेल. मात्र त्यासोबत मासे व मांसाचे पदार्थ आणि मांसाचे सूप येते, ते वगळायला सांगावे. साध्या दिसणाऱ्या किमचीतही बहुधा आंबवलेली मासळी किंवा कोळंबी असते. बौद्ध मठांतील पारंपरिक स्वयंपाकात मांस-मासे तर नसतातच, शिवाय कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे मठातल्या पद्धतीचे जेवण मिळेल का, हे यजमानांना अवश्य विचारावे.