कंट्रोल इंजिनीअरिंग शिकलेल्या माणसाला खगोलशास्त्रात काय काम असतं?

तुमचा प्रश्न असा आहे: इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ओढा भौतिकशास्त्राकडे आणि आकाशाकडे, तिथे कंट्रोल सिस्टीम्सचा खरा उपयोग होतो, की फक्त दुर्बिणीची मोटर फिरवण्यापुरताच? मी हाच विषय शिकवते, म्हणून एका यंत्राबद्दल जरा सविस्तर सांगते.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन्ही डिटेक्टरांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातच उठणारा तरंग, पकडली. सुमारे १.३ अब्ज प्रकाशवर्षांवर सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती. बातम्यांत आइन्स्टाइन होता, कृष्णविवरं होती. पण ती लहर आली तेव्हा त्या यंत्रात शेकडो फीडबॅक लूप (मोजून चूक लगेच दुरुस्त करणाऱ्या यंत्रणा) चालू होते आणि ते नसते तर काहीही दिसलं नसतं, हे फारसं कुणी सांगितलं नाही.

लायगोच्या प्रत्येक डिटेक्टरला काटकोनात दोन भुजा आहेत, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. प्रत्येक भुजेच्या दोन्ही टोकांना ४० किलो वजनाचे काचेचे आरसे टांगलेले असतात आणि त्यांच्यामध्ये लेझर शेकडो वेळा पुढेमागे जातो. लहर आली की एक भुजा किंचित लांबते आणि दुसरी आखडते. त्या पहिल्या लहरीने झालेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका होता. उलट किनाऱ्यावर आदळणाऱ्या समुद्राच्या लाटांमुळे जमीन सतत मायक्रोमीटरच्या घरात हलत असते. म्हणून आरसे चार टप्प्यांच्या लंबकाला टांगलेले आहेत. लंबकाचा प्रत्येक टप्पा त्याच्या नैसर्गिक वारंवारितेच्या वर कंपनं वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात कमी करतो. चार टप्पे म्हणजे आठवा घात. तुम्ही बोडे प्लॉट (वारंवारितेनुसार प्रतिसाद दाखवणारे आलेख) काढलेच असतील, त्यात हा उतार किती तीव्र दिसेल याची कल्पना करा. पण नैसर्गिक वारंवारितेवर तोच लंबक कंपनं वाढवतो. शिवाय भुजेची लांबी पिकोमीटरच्या पातळीवर धरून ठेवली नाही, तर भुजेत प्रकाशाचा अनुनाद (आरशांमध्ये प्रकाश साठून वाढत जाणं) टिकतच नाही. इथे फीडबॅक लागतो. लेझर आणि पोकळी (समोरासमोरच्या आरशांमधली जागा) एकमेकांशी जुळवून ठेवण्याची पाउंड-ड्रेव्हर-हॉल पद्धत १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातले रोनाल्ड ड्रेव्हर हे लायगोच्या संस्थापकांपैकी एक. अशी पद्धत शोधणाऱ्याला कंट्रोल इंजिनीअर म्हणायचं की भौतिकशास्त्रज्ञ, हा भेद मला तरी निरर्थक वाटतो.

आता मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट. लूपचं काम आरसे जागेवर ठेवणं. भुजांच्या लांबीतला फरक जमिनीमुळे पडला की गुरुत्वीय लहरीमुळे, हे त्याला कळत नाही. त्यामुळे ज्या वारंवारितांना लूपचा गेन (दुरुस्तीचा जोर) जास्त असतो, तिथे तो लहरीचा परिणामही दाबून टाकतो! मग मोजायचं काय? एरर सिग्नल (उरलेली चूक) आणि आरशांना दिलेला कंट्रोल सिग्नल (केलेली दुरुस्ती), दोन्ही घेऊन लूपच्या मॉडेलवरून मूळ लहर परत उभी करतात. म्हणजे तुमचं प्लांटचं, म्हणजे नियंत्रित करायच्या यंत्राचं, मॉडेल चुकलं, तर कृष्णविवराचं अंतरही चुकणार. ते मॉडेल तपासायला वेगळा लेझर आरशावर सोडून प्रकाशाच्या दाबाने त्याला माहीत असलेला धक्का देतात. क्लोज्ड लूप ट्रान्सफर फंक्शन (लूप चालू असताना इनपुटवरून आउटपुट काढायचं सूत्र) पाठ करून पेपर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना हे मी आवर्जून सांगते.

गेन वाढवला की सगळं सुटतं असंही नाही, कारण मग सेन्सरचाच गोंगाट (मोजणीतली नको असलेली चलबिचल) आरशात शिरतो. १० ते ३० हर्ट्झच्या पट्ट्यात ही अडचण जास्त जाणवते, आणि जड कृष्णविवरांचा आवाज नेमका तिथेच असतो. २०२५ मध्ये गूगल डीपमाइंड आणि लायगोच्या संशोधकांनी रीइन्फोर्समेंट लर्निंगने (चुकत-शिकत सुधारणाऱ्या एआय पद्धतीने) घडवलेला कंट्रोलर लिव्हिंग्स्टनच्या डिटेक्टरवर चालवून दाखवला. त्या पट्ट्यातला कंट्रोलचा गोंगाट ३० पटींहून जास्त कमी झाला. विषय अजून किती जिवंत आहे ते यावरून बघा.

आणि कंट्रोलरला न दिसणाऱ्या गोष्टींचं काय? २०१७ च्या उन्हाळ्यात हॅनफर्डच्या डेटात अधूनमधून बारीक धक्के दिसू लागले. आवारातल्या मायक्रोफोनसारख्या सेन्सर्सच्या नोंदी चाळल्यावर संशय रेव्हन जातीच्या मोठ्या कावळ्यांवर गेला. द्रव नायट्रोजनच्या यंत्रणेला जोडलेल्या, बाहेर निघणाऱ्या नळीवर बर्फ साठत होता. हॅनफर्डचा भाग कोरडा, उन्हाळा कडक, आणि कावळे तो बर्फ टोचून खात होते. बर्फावर चोचीच्या खुणा सापडल्या. मग माणसांनी स्वतः तसंच टोचून पाहिलं, आणि डेटात तसेच धक्के उमटले. याला मी शंभर टक्के विज्ञान म्हणते: पक्षी काय करतो, केव्हा आणि कशासाठी, हे पाहिल्याशिवाय तो आलेख कुणालाही उलगडला नसता. उपाय म्हणून नळीला आवरण घातलं. बर्फ साठेना, कावळे येईनात. दोन डिटेक्टर ३००० किलोमीटर दूर ठेवण्यामागेही हाच विचार आहे. एका ठिकाणचा धक्का दुसरीकडे काही मिलिसेकंदांत उमटत नाही, खरी लहर मात्र उमटते. पहिली लहर लिव्हिंग्स्टनला हॅनफर्डच्या सुमारे ७ मिलिसेकंद आधी पोचली होती.

तिसरा असा डिटेक्टर आपल्याकडे, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होतोय. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था त्यात आहेत. तिथल्या दख्खनच्या बेसाल्टची कंपनं वेगळी, वारा-पाऊस वेगळा, पशुपक्षीही वेगळे. हॅनफर्डचे कंट्रोलर जसेच्या तसे आणून बसवले आणि झालं, असं होणार नाही. तिथे तुमच्यासारख्यांची गरज लागेल, आणि मला मनापासून वाटतं की मराठवाड्यातल्या मुलामुलींनी त्यात पुढे असावं.

तोवर हे करा. लायगोचा डेटा सर्वांना मोफत खुला आहे. पहिल्या लहरीची फाइल उतरवून पायथनमध्ये फिल्टर लावून बघा. दुसरं म्हणजे दोन टप्प्यांच्या लंबकाचं मॉडेल लिहा, त्याला डॅम्पिंगचा (कंपनं शमवणारा) लूप द्या आणि सेन्सरमध्ये मुद्दाम गोंगाट टाका. गेन वाढवत नेला की तो गोंगाट कुठल्या वारंवारितेला आरशापर्यंत पोचतो, याचा आलेख काढा. आयुकात कुणाशी बोलायला जाल तेव्हा मार्कशीटच्या आधी तो आलेख पुढे ठेवा.