कॅस्केडऐवजी जर्मन हॉप: ग्रॅमला ग्रॅम नको

भाऊ, तुमचा प्रश्न असा: जर्मनीत घरी २० लिटर पेल एल ही बिअर करायची आहे, कृती अमेरिकन, त्यात सगळीकडे कॅस्केड हाच हॉप, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारं फूल (उकळ संपायच्या ६० मिनिटं आधी ३० ग्रॅम, १० मिनिटं आधी २०, आच बंद करताना ३०). त्याऐवजी तेवढाच मिटेलफ्रू हा जर्मन हॉप टाकू का? नका टाकू.

कडूपणाचं निव्वळ त्रैराशिक आहे. कॅस्केड ६ टक्के अल्फाचा (हे कडूपणा देणारं आम्ल) धरला तर ३० गुणिले ६, म्हणजे १८०. मॅग्नम हा जर्मन हॉप १२ टक्क्यांचा मिळाला की १५ ग्रॅम पुरे. पाकिटावरचा आकडा वाचूनच भागा. संत्र्याची गोडी बहाराबहाराला बदलते, तसा हाही दर पिकाला बदलतो.

वासाला हे गणित लागू नाही. मिटेलफ्रू लाजरा, फुलांचा मंद वास. पेल एलमध्ये कुठं हरवला ते कळत नाही. मांडारिना बावारिया घ्या. जर्मनीतल्या हूलच्या हॉप संशोधन केंद्राचा २०१२ चा वाण, कॅस्केडचीच लेक. मी वरुडकडचा, संत्र्याच्या बागेत वाढलेला. जर्मनीत असताना याचं पहिलं पाकीट फोडलं आणि साल नखानं मोडल्यावर डोळ्यात उडतो तोच फवारा नाकात गेला! कॅस्केडचा पपनशी कडसरपणा मात्र यात नाही. तोच हवा असेल तर मुकाट कॅस्केड मागवा.

१० मिनिटांचे २० ग्रॅम तसेच, फक्त मांडारिनाचे. आच बंद केल्यावर घाई नको; ८० अंशांवर उतरू द्या, मग ४० ग्रॅम, झाकून २० मिनिटं. उकळत्यात टाकलं तर तेल वाफेबरोबर जातं, घमघमतं ते फक्त स्वयंपाकघर. आंबणं संपल्यावर आणखी ४० ग्रॅम, तीन दिवस. मी एकदा दोन आठवडे विसरलो, गवताचा काढा प्यावा लागला.

क्रिस्टल माल्ट (कॅरमेलच्या चवीचं मोड आणलेलं धान्य) निम्मा करा, नाहीतर कॅरमेल आणि संत्रं मिळून मुरंबा होतो. यीस्ट तेच, १८-१९ अंशांवर.

उरलेला हॉप हवा काढून फ्रीझरमध्ये. मी गावी येताना एक पाकीट आणलं होतं, नुसतं हुंगायला. परवान्याशिवाय घरी बिअर करायची इकडे सोय नाही. बाबांनी त्या दाबलेल्या हॉपच्या गोळ्या पाहून विचारलं, "हे कोणती ढेप आणली रे?" मे महिन्यात लाइन जाऊन फ्रीझर दोनदा बंद पडला, आता त्या हॉपला पायमोज्यांचा वास येतो. तुमच्याकडे नवं पीक सप्टेंबरात निघेल. थांबणं जमत असेल तर तेच घ्या.