गोळ्या चालू असताना व्हायरल लोड वाढला, तर रेझिस्टन्स टेस्ट करून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ तीन वर्षं एचआयव्हीवरची टीएलडीची गोळी (टेनोफोविर, लॅमिवुडीन आणि डोल्युटेग्रावीर ही तीन औषधं एकत्र) घेतोय, यंदा त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमधलं विषाणूचं प्रमाण, ६,४०० आला आणि मुंबईचे नातेवाईक म्हणतात, "गोळी बंद कर, खासगीत रेझिस्टन्स टेस्ट कर, मग नवीन औषध बघू."

गोळी बंद करू देऊ नका. आज रात्रीचीसुद्धा नाही. विषाणू कोणत्या औषधाला दाद देत नाही हे सांगणारी ही टेस्ट करायची असेल, तर रक्त गोळी चालू असतानाच द्यायला हवं.

मी कोल्हापुरात एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. ही तपासणी आमच्याकडे होत नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घ्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वर आलेला पिवळसर प्लाझ्मा अलगद काढायचा, गोठवायचा आणि कोरड्या बर्फात पुढे पाठवायचा, एवढं आमचं काम. तिकडे विषाणूच्या जनुकाचा ठरावीक भाग अक्षर न् अक्षर वाचतात. रिपोर्टमध्ये 'एम१८४व्ही' असं काही दिसलं, तर अर्थ असा की विषाणूच्या एका विकरात (एन्झाइममध्ये) १८४व्या जागी मेथिओनिन हे अमिनो आम्ल जाऊन व्हॅलिन आलंय, आणि असा विषाणू लॅमिवुडीनला दाद देत नाही.

एचआयव्ही स्वतःची नक्कल करताना सतत चुका करतो. एखादी चूक नेमकी औषधाला चकवणारी निघते, आणि औषध पोटात असेपर्यंत त्याच विषाणूची चलती असते. औषध थांबलं की मूळ विषाणू जोमाने वाढतो आणि बदललेला मागे पडतो. रक्तातल्या विषाणूत त्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या खाली गेलं, की नेहमीच्या तपासणीला तो दिसत नाही. तो गेलेला मात्र नसतो. पेशींमध्ये दबून राहतो आणि तेच औषध सुरू केलं की परत डोकं वर काढतो.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. टीएलडी येण्याआधीची गोष्ट. शिरोलीच्या फौंड्रीत काम करणारा एक गडी, दोन-अडीच महिने गोळ्या सोडलेल्या. रिपोर्ट स्वच्छ आला, जुन्याच गोळ्या परत सुरू झाल्या, पण लोड काही उतरेना. गोळ्या चालू असताना पुन्हा रक्त पाठवलं तेव्हा बदल सापडले, एम१८४व्ही त्यातलाच. पहिलं रक्त मीच घेतलं होतं आणि शेवटची गोळी कधी घेतली ते विचारलं नव्हतं. तेव्हापासून नळीवर नाव लिहायच्या आधी मी तेच विचारतो.

आता तुमच्या भावाचं. टीएलडीतलं डोल्युटेग्रावीर चिवट औषध आहे, विषाणूला त्याच्यावर सहजासहजी मात करता येत नाही. त्यामुळे लोड वाढला तर बहुतेक वेळा गोळ्या चुकलेल्या असतात, किंवा औषध अंगी लागत नसतं. अॅसिडिटीवरचं अँटासिड तो सोबत घेतो का, किंवा लोहाची वा कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी सोबत घेतो का? त्याने डोल्युटेग्रावीर नीट शोषलंच जात नाही. एचआयव्हीची गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, डोस बदलावा लागतो.

लोड १,००० च्या वर गेला की एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या उपचाराच्या सरकारी केंद्रात) आधी समुपदेशन करतात, गोळ्या नियमित करून साधारण तीन महिन्यांनी लोड पुन्हा बघतात. हा वेळकाढूपणा नाही. गोळ्या नेमाने घेऊनही लोड तसाच राहिला, तरच रेझिस्टन्सचा प्रश्न खरा. तेव्हा टेस्ट जरूर मागा, आणि खासगीत करणार असाल तर एक विचारा: "इंटिग्रेज बघता का?" इंटिग्रेज हे विषाणूचं एक विकर, आणि डोल्युटेग्रावीर त्यालाच अडवतं. काही तपासण्यांत फक्त रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आणि प्रोटिएज ही दुसरी दोन विकरं बघतात. पैसे जातात आणि मुख्य औषधाबद्दल काहीच कळत नाही.

लोकांना कळेल या भीतीने तो केंद्रात जायचं टाळत असेल, तर त्याला सांगा की २०१७ च्या कायद्याने त्याची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. फोनवर बोलायचं असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

केंद्रात जाताना गोळ्यांची डबी आहे तशी घेऊन जा, आणि घरात चालू असलेली बाकीची औषधंसुद्धा. समुपदेशक उरलेल्या गोळ्या मोजतील. जास्त निघाल्या तर तिथे त्याला रागावू नका. नेमक्या कुठल्या दिवशी आणि का राहिल्या, ते त्याच्याच तोंडून येऊ दे.