'होम आर्मी'ची 'गृहसेना' करावी का?

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या पोलंडवरचा एक लेख मराठीत आणताना 'होम आर्मी'ला, म्हणजे जर्मनांविरुद्ध देशातच छुपेपणानं लढणाऱ्या पोलिश सेनेला, 'गृहसेना' म्हणावं का, आणि त्यात पानोपानी येणाऱ्या 'अंडरग्राउंड'ला सगळीकडे 'भूमिगत' चालेल का?

'गृहसेना' नको. मराठीत 'गृह' म्हटलं की आधी गृहखातं आठवतं, मग गृहरक्षक दल, म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत दोर धरून उभे असलेले होमगार्ड. जर्मनांच्या आगगाड्या रुळांवरून उतरवणाऱ्या माणसांना हे नाव शोभत नाही. शिवाय इंग्रजीतलं 'होम' हेच मुळात भाषांतर. मूळ पोलिश नाव 'आर्मिया क्रायोवा', आणि सगळी गोम त्या 'क्राय'मध्ये आहे.

'क्राय' म्हणजे देश. जुना अर्थ कड, सीमा. कापणे या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचं नातं आहे. पण युद्धकाळात या साध्या शब्दाला वेगळंच वजन आलं. १ सप्टेंबर १९३९ ला पश्चिमेकडून जर्मनी आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा शिरल्या. पोलिश सरकार देशाबाहेर पडलं, आधी फ्रान्समध्ये आणि जून १९४० पासून लंडनमध्ये बसलं. तिथल्या माणसाच्या तोंडी 'क्राय' म्हणजे मागे राहिलेला आपला मुलुख. मुंबईतला चाकरमानी 'गावाला' म्हणतो तेव्हा कुठलं गाव ते विचारावं लागत नाही, तसंच. या सरकारचं मायदेशातलं छुपं प्रतिनिधी कार्यालय होतं, त्याच्या नावातही 'क्राय' आहेच.

त्याच सरकारचं दुसरं सैन्य देशाबाहेर लढत होतं. मे १९४४ मध्ये इटलीतलं माँते कासिनो घेणारे पोलिश सैनिक त्यातलेच. म्हणून 'क्रायोवा' म्हणजे 'देशातली', बाहेरचीहून वेगळी. हे नाव १४ फेब्रुवारी १९४२ ला पडलं. त्याआधी तीच संघटना 'सशस्त्र लढा संघ' या अर्थाच्या नावानं चालत होती. 'देशांतर्गत सेना' बरोबर आहे, पण सरकारी परिपत्रकातली वाटते. 'स्वदेशी सेना' म्हटलं की खादी डोळ्यांपुढे येते. मी पहिल्यांदा 'आर्मिया क्रायोवा, म्हणजे देशातली सेना' असं लिहीन आणि पुढे मूळ नावच ठेवीन.

आता 'भूमिगत'. पोलिश शब्द आहे 'पोद्झेम्ये': 'पोद' म्हणजे खाली, 'झेम्या' म्हणजे जमीन. ही 'झेम्या', फारसीतून आपल्याकडे आलेली 'जमीन' आणि संस्कृतातली 'क्ष्मा' एकाच कुळातल्या. त्यामुळे व्युत्पत्तीपुरतं 'भूमिगत' चपखल बसतं. वापरात मात्र घोटाळा होतो. मराठीत माणूस 'भूमिगत होतो', म्हणजे वॉरंट निघालं आणि तो घर सोडून फरार झाला. बेचाळीसच्या चळवळीनं हा अर्थ पक्का केला. पोलंडमध्ये शपथ घेतलेले बहुतेक लोक फरार नव्हतेच. १९४४ मध्ये आर्मिया क्रायोवाची संख्या साडेतीन लाखांच्या पुढे होती. एवढी माणसं कुठल्या जंगलात मावणार? ती आपापल्या घरी राहत, कामावर जात आणि उरलेल्या वेळात 'पोद्झेम्ये'त असत. तेव्हा 'तो १९४१ मध्ये भूमिगत झाला' असं लिहिण्याआधी तो खरंच घर सोडून गेला होता का, ते पाहा. नसेल तर 'भूमिगत कामात पडला' म्हणा.

शाळांच्या बाबतीत तर हा शब्द टाळाच. जर्मनांनी पोलिश विद्यापीठं आणि माध्यमिक शाळा बंद केल्यावर कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत चार-सहा मुलांचे वर्ग भरू लागले. त्यांना 'कोंप्लेती' म्हणत. त्याचं 'भूमिगत शाळा' केलंत तर आजचा वाचक तळघरच डोळ्यांपुढे आणेल, कारण आता मेट्रोही भूमिगत असते आणि गटारही. 'चोरून चालणारे वर्ग' म्हणावं.

या सगळ्या छुप्या कारभाराला इंग्रजीत 'पोलिश अंडरग्राउंड स्टेट' म्हणतात; त्यासाठी मात्र कुणालाही 'प्रतिसरकार' सुचेल. साताऱ्यात नाना पाटलांचं होतं, न्यायनिवाडा करत होतं; पोलंडमध्येही छुपी न्यायालयं होती. मोह मलाही झाला. पण 'प्रति'मध्ये आहे त्या सरकारासमोर दुसरं उभं करणं येतं. पोलिश लोकांचा दावा वेगळा होता: जुनं प्रजासत्ताक संपलेलंच नाही, तेच चालू आहे, फक्त दिसत नाही. म्हणून इथे 'भूमिगत राज्य'च बरं.

'कॉन्स्पिरात्स्या' हा शब्द इंग्रजीसारखा दिसतो म्हणून त्याचा 'कट' करू नका. पोलिशमध्ये तो गुप्त कार्याचा शब्द आहे, त्यात काळंबेरं काही नाही.

या मंडळींच्या बोलीतला माझा आवडता शब्द 'कोचॉव', म्हणजे मोठा हंडा. गेस्टापोनं, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांनी, एखादं घर पकडलं की पोलीस लगेच निघून जात नसत. दार लावून आतच गप्प बसत. मग निरोप घेऊन येणारी मुलगी, दूधवाला, शेजारीण, जो दार वाजवील तो आत ओढला जाई. एकेक जण हंड्यात पडतो आणि बाहेर कुणालाच कळत नाही. 'सापळा' म्हटलं की एकच उंदीर डोळ्यांपुढे येतो; हा हंडा भरत जातो. भाषांतरात मी 'हंडा'च ठेवीन आणि एकदा समजावून देईन. उलट, उघडकीला आलेल्या जागेला ते 'जळालेली' म्हणत, तिथे आपलं 'फुटलेली' जास्त चांगलं. मराठीत गुपित फुटतं, पेपर फुटतो, तशी जागाही फुटते.

शेवटी, न विचारलेली एक गोष्ट. लेखात भिंतींवर काढलेल्या 'कोत्फित्सा' (इंग्रजीत 'अँकर') या चिन्हाचा उल्लेख असणारच. तुमच्या हातून सहज 'नांगर' लिहिलं जाईल आणि वाचकाला बैलजोडी दिसेल. 'जहाजाचा नांगर' असं पूर्ण लिहा. 'पोल्स्का वाल्चोंत्सा', म्हणजे लढणारा पोलंड, यातली दोन रोमन आद्याक्षरं, वर P आणि खाली W, एकावर एक ठेवून ते केलं आहे. वरच्या अक्षराचा दांडा खाली उतरतो आणि खालच्या अक्षराचे दोन कोपरे नांगराच्या आकड्यांसारखे दिसतात. १९४२ मध्ये ते अन्ना स्मोलेन्स्का या विद्यार्थिनीनं रेखाटलं. पुढच्याच वर्षी ती आउशवित्झच्या छळछावणीत वारली. चिन्ह एवढं सोपं की ब्रशच्या तीन-चार फटकाऱ्यांत भिंतीवर उमटे आणि काढणारा कोपऱ्यावरून वळलेलाही असे.