777 घ्यावं की नाही? आधी शेवटची ओळ वाचू

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पिंपरीत नोकरी, हातात 58,000, घरभाडं 16,000, मुलगी दीड वर्षाची. ती झोपली की रात्री दहा ते साडेअकरा तुम्ही मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळावर, असता. आता त्या खेळासाठी वेगळी विकत मिळणारी दोन विमानं घ्यायची आहेत: पीएमडीजी कंपनीचं 777-300 ईआर आणि फिनिक्स कंपनीचं ए320. शिवाय 42,000 चं ग्राफिक्स कार्ड, बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाताजाता लिहावं तसं: ‘क्रेडिट कार्डावर 38,000 बाकी आहे, मिनिमम भरतोय.’

तुम्ही शेवटी लिहिलंत, मी तिथूनच सुरुवात करतो.

कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर 38,000 वर 1,330 रुपये होतात. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण 1,570. आता विमानाची किंमत बघा. 777 ची किंमत 74.99 डॉलर. डॉलर 88 रुपये धरला, बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप आणि त्या मार्कअपवरचा जीएसटी मिळवला, की 6,900 च्या आसपास पडतं. म्हणजे दर साडेचार महिन्यांनी तुम्ही एक अख्खं 777 बँकेला देताय आणि स्वतः मात्र अजून फुकटच्या विमानातच बसलाय. शिवाय मागची बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. विमान याच कार्डावर घेतलंत तर पहिल्या दिवसापासून त्यावरही व्याज चढेल.

तुमची दीड लाखाची एफडी आहे ना? त्यातून 38,000 काढा आणि कार्ड पूर्ण भरा. मुदतीआधी मोडली म्हणून अर्धा-एक टक्का कापतील, कापू द्या. सात टक्के मिळवत बसायचं आणि बेचाळीस टक्के मोजायचे, हा कुठला हिशेब? उरलेल्या रकमेला मात्र हात लावू नका. तुमचा दोन-अडीच महिन्यांचा खर्च कसाबसा निघेल एवढीच ती आहे.

आता विमानांकडे येऊ. माझा भाचा या नादात आहे, त्यामुळे थोडं कळतं. एका रविवारी त्याच्या मागे स्टूल टाकून बसलो होतो. बॅटरी चालू, मग एपीयू म्हणजे विमानातलं छोटं मदतीचं इंजिन, मग एकेक आकडा टाकत रूट भरणं. पाऊण तास झाला तरी विमान गेटवरच! पण त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते पाहून मी या खर्चाला उधळपट्टी म्हणणं सोडलं. गंमत अशी की त्याच भाच्याकडे जुन्या सिम्युलेटरसाठी घेतलेलं एक महागडं 747 पडून आहे. नव्या सिम्युलेटरमध्ये ते चालत नाही आणि विकताही येत नाही, कारण परवाना त्याच्या नावावर. जुनी जॉयस्टिक मात्र त्याने निम्म्या किमतीला विकली. म्हणून विमानाचे पैसे देताना ते गेलेच असं धरून चालायचं. सिम्युलेटरच्या 2020 च्या आवृत्तीसाठी घेतलेलं विमान 2024 च्या आवृत्तीत त्याच पैशांत चालतं का, हेही घेण्याआधी बघा.

तुमच्याकडे रात्रीचा दीड तास आहे. 777 ही लांब पल्ल्याची जात. मुंबईहून न्यूयॉर्कला सलग जायचं तर पंधरा-सोळा तास. ऑटोपायलट लावून झोपायचं आणि सकाळी ऑफिसच्या घाईत उतरवायचं, यासाठी 6,900? ए320 ची गोष्ट वेगळी. पुणे–गोवा तासाभरात होतं, तयारी धरूनही तुमच्या वेळेत बसतं. फिनिक्सचं ए320 49.99 पौंडांना आहे, सगळं धरून सहा हजारांच्या थोडं वर. आठवड्यातून तीन रात्री उडवलंत तर वर्षाला दोनशेच्या वर तास होतात, तासाला तीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. कटिंग चहा आणि वडापावही त्यात बसत नाही.

तरीही आधी फ्लायबायवायरचं ए320 निओ डाउनलोड करून घ्या. ते फुकट आहे आणि चांगलं आहे. तीन महिने तेच उडवा. इंजिन सुरू करण्यापासून उतरण्यापर्यंतची यादी न बघता येऊ लागली आणि तरी काहीतरी कमी वाटलं, तर फिनिक्स घ्या, डेबिट कार्डावर. हवाई नकाशे पुरवणाऱ्या नॅव्हिग्राफचं सबस्क्रिप्शन आत्ता नको. दर 28 दिवसांनी नवा नकाशा-डेटा येतो हे खरं, पण पुण्याची धावपट्टी 28 दिवसांत हलत नाही. रूट आखायला सिमब्रीफ ही वेबसाइट फुकट आहे.

ग्राफिक्स कार्ड मात्र थांबवा. अशा विमानांची प्रत्येक यंत्रणा आतून चालते, त्यामुळे प्रोसेसरवरही बराच भार पडतो. नुसतं कार्ड बदलून अडखळणं थांबेलच असं नाही. फुकटच्या ए320 वर तपासून बघा, तेही जड आहे. आणि ‘नो कॉस्ट’ म्हणजे व्याजाइतकी सूट दुकानाने दिलेली असते. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते. त्यापेक्षा हप्त्याचे ते 3,500 दर महिन्याला आरडीत टाका.

‘पुढेमागे सीपीएल करायचं आहे, तेव्हा ही गुंतवणूकच’ असंही तुम्ही लिहिलंय. सीपीएल म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना. तो देणाऱ्या डीजीसीएला, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याला, त्यासाठी 200 तासांचं उड्डाण लागतं, घरच्या टेबलावरचे तास त्यात धरत नाहीत. हा खर्च करमणुकीच्याच रकान्यात लिहा. त्या रकान्यात महिन्याला दीड हजार तुम्हाला सहज परवडतात, कारण कार्ड फिटलं की तेवढेच दर महिन्याला सुटे होतात. आणि हो, बायकोला आकडा सांगून घ्या. 38,000 चाही.