अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांना वादविवाद शिकवून खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही शिकागोत आहात, शनिवारी या मुलांना शिकवायला जावं का आणि आपले उच्चार आड येतील का, असं विचारलंय. जा. उच्चारांचं मात्र डोक्यातून काढून टाका. माझं जुनं दुखणं आहे ते.

मी बाल्टिमोरला शालेय स्पर्धांचा परीक्षक म्हणून जातो. पहिल्याच वर्षी नववीतला एक मुलगा समोर आला. बोलायचा अगदी त्याच्या वस्तीतलं, शब्द अर्धे गिळून. पण समोरच्या मुलीने आकडा सांगितला की शांतपणे विचारायचा, "कुठल्या सालचा? कुणी मोजला?" तीन मिनिटांच्या उलटतपासणीत तिचा मुख्य पुरावाच गेला. निकाल मी त्याच्या जोडीच्या बाजूने दिला. जेवताना दुसरे एक परीक्षक म्हणाले, "हुशार आहे, पण आधी नीट इंग्रजी शिकवा त्याला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कॉलेजात सरांनी मला संघातून काढलं होतं, मी 'आणि'ला 'आन' म्हणतो म्हणून. मुद्दे माझेच घेतले, बोलायला उभा केला दुसऱ्याला. त्या परीक्षकांना मी एवढंच विचारलं, २००८ साली इथल्याच टाउसन विद्यापीठाचे डेव्हॉन लव्ह आणि डेव्हेन कूपर सीडा या महाविद्यालयीन वादविवाद संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकले, ती जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय जोडी, ती काय उच्चारांवर जिंकली?

दुपारची फेरी मुलगा हरला. त्याचा मार्गदर्शक त्याच शाळेतून शिकून गेलेला कृष्णवर्णीय तरुण. त्याने मुलाला जिन्यावर बसवलं आणि नोंदींचा कागद मांडीवर पसरला. विरोधकांचे मुद्दे निळ्या पेनाने, स्वतःचे लाल. एका निळ्या ओळीसमोर लाल काहीच नव्हतं. तिथे बोट ठेवून म्हणाला, "इथे काय म्हणायचं होतं?" मुलगा बराच वेळ गप्प. मग त्याच बोलीत चोख उत्तर दिलं. "आता लिही," म्हणून लाल पेन त्याच्या हातात दिलं. उच्चारांबद्दल अवाक्षर नाही. मार्गदर्शन म्हणजे मला हेच कळतं.

वर्गात आवाज चढला की हीच मुलं उर्मट ठरतात. इथे मुख्य भाषणाची आठ मिनिटं त्यांना कुणी तोडत नाही, आणि एकाच विषयावर सकाळी बाजूने, दुपारी विरोधात बोलायचं असल्यामुळे वाचावंच लागतं. शहरातल्या शाळांमधल्या मुलांना वादविवाद शिकवण्याचं हे काम १९८५ साली अटलांटात एमरी विद्यापीठाच्या साथीने सुरू झालं, तुमच्या शिकागोतही कित्येक वर्षं चालू आहे.

हां, यातून घरभाडं भागत नाही. शनिवारी कामावर जावं लागतं म्हणून चांगली मुलं गळतात, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि दोन महिन्यांत सोडणार असाल तर जाऊच नका, येऊन निघून जाणारी माणसं त्यांनी भरपूर पाहिलीत. परीक्षक कायम कमी पडतात, तिथून सुरुवात करा.